फारियाचा पुतळा आणि छातीवर बसणारे 'भूत'

महोदय,
पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे; त्याच्यासमोर एक बाईही दाखवली आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला. पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात. हा माणूस त्या बाईला काय करतोय, असे मुले विचारतात, तेव्हा बहुतेक पालक 'संमोहन' एवढेच सांगून मोकळे होतात.

कांदोळीत 1756 साली जन्मलेल्या या पाद्रीने 1813 पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून दाखवले. मेस्मरपंथी, म्हणजे डॉक्टर मेस्मरचे अनुयायी, तेव्हा यामागे अदृश्य चुंबकीय द्रव असल्याच्या गोष्टी सांगत. फारिया म्हणाला, माझ्या हातात कसलीही शक्ती नाही. समोरच्याची एकाग्रता आणि त्याचा विश्वास यांतूनच ही निद्रा येते. केवढे धाडसाचे बोलणे हे! चमत्काराचे श्रेय त्याने स्वतःकडे घेतलेच नाही.

आणि त्याच्याच गोव्यात आजही पहाटे छातीवर कुणीतरी बसल्याचा भास झाला की घरचे घाड्याकडे, म्हणजे भूत उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे, धावतात. खरे कारण झोपेत आहे. स्वप्नांच्या निद्रेत मेंदू स्नायू सैल सोडतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून ताब्यात येतात. त्या क्षणी हलता येत नाही, स्वप्नातली आकृती मात्र उघड्या डोळ्यांना दिसते. अपुरी झोप, ताण, उताणे झोपणे यांनी हे वाढते. एरवी ते निरुपद्रवी असते. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

शाळांच्या सहली पणजीला येतात. शिक्षकांनी दहा मिनिटे त्या पुतळ्याजवळ थांबून मुलांना एवढे जरूर सांगावे. रात्री घाबरून उठणारी मुले प्रत्येक वर्गात असतात आणि ती कुणाला बोलत नाहीत.

– एक निवृत्त शिक्षिका, फोंडा