‘हार्डी समर हेदर’ म्हणून विकलेल्या आणि मेलेल्या तीन रोपांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, रोपखरेदी व विक्री विभाग

काल दुपारी तुमच्या ग्राहकसेवेशी माझं सहावं बोलणं झालं. सातवा फोन मी करणार नाही. बिल, रोपांचे फोटो आणि चॅटची प्रत सोबत जोडली आहे. हे पत्र पुन्हा ग्राहकसेवेकडे ढकलू नका. कुठलं रोप कुठल्या नावाने विकायचं हे ज्यांच्या हातात आहे, त्यांनीच ते वाचावं.

एप्रिलमध्ये मी तुमच्याकडून हेदर या जांभळ्या फुलांच्या झुडपाची तीन रोपं मागवली. 2,340 रुपये भरले. भरायच्या आधी चॅटवर स्पष्ट विचारलं होतं: मी गोव्यात, फोंडा तालुक्यात राहते, जमीन जांभ्याची आहे, हे झाड इथे जगेल का? तुमच्या माणसाचं उत्तर असं: ‘हो मॅडम, हार्डी आहे आणि समर व्हरायटी आहे, उन्हाळ्याची काळजीच नको.’ तुमच्या वेबसाइटच्या पानावरही तेच, ‘कडक उन्हाळा सोसणारं’.

माझी मुलगी स्कॉटलंडात ॲबरडीनला असते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिथले डोंगर हेदरच्या फुलांनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत जांभळे झालेले पाहिले. त्यातलं मूठभर तरी आपल्या परसात असावं, एवढीच इच्छा होती. रोपं मेल्यावर तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, ‘आई, हार्डी म्हणजे बर्फ सोसणारं गं!’ मग मी वाचायला बसले. हेदर, म्हणजे कॅलुना वल्गॅरिस, उणे 20 अंशांखालची थंडी सोसतं, म्हणून ते हार्डी. समर म्हणायचं ते फुलण्याच्या हंगामावरून. तिकडचा उन्हाळा म्हणजे जुलै ते सप्टेंबर, आणि हिवाळ्यात फुलणारी हेदरची भावंडं वेगळी. त्या नावात आपल्या मे महिन्याचा काही संबंध नाही. तिकडे जेव्हा ते फुलतं तेव्हा आमच्याकडे धो धो पाऊस असतो. मला हे ऑगस्टमध्ये कळलं. तुम्हाला एप्रिलमध्ये माहीत होतं. रोपं विकणं हाच तुमचा धंदा आहे, तेव्हा माहीत नव्हतं हे मी ऐकून घेणार नाही.

मी काय केलं तेही लिहिते, कारण प्रत्येक फोनवर दोष माझ्या हातावर आला. हेदरला आम्लधर्मी, निकस, निचऱ्याची माती लागते. जांभ्याची माती आम्लधर्मीच असते. गडग्याजवळ उतारावर, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल अशी जागा निवडली. खड्ड्यात जाड वाळू आणि नारळाच्या सोडणांचे तुकडे घातले. शेणखत मुद्दाम टाळलं. आणि तुमच्या पार्सलमधल्या कार्डावर काय छापलंय? ‘महिन्यातून एकदा शेणखत व चुन्याची निवळी द्यावी.’ चुना! आम्लधर्मी मातीत जगणाऱ्या झाडाला चुना! ते कार्ड मी पाळलं असतं तर रोपं आणखी लवकर गेली असती. तुम्ही सगळ्या झाडांना एकच कार्ड घालता, हे त्यावरून उघड आहे.

दोन रोपं मेच्या मध्यावर गेली. हेदरची पानं मोहरीच्या दाण्याहून लहान, खवल्यांसारखी फांदीला चिकटलेली असतात. झाड मेलं तरी रंग काही दिवस तसाच राहतो, त्यामुळे मी रोज सकाळी त्यांना जिवंत समजून पाणी घालत होते. एक दिवस फांदी दोन बोटांत धरून ओढली, तर भुसा गळावा तशी सगळी पानं तळहातावर आली. तिसरं पावसात गेलं. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. स्कॉटलंडातही पाऊस पडतो, पण गारठ्यात. इथे पावसाच्या रात्रीसुद्धा अंगाला घाम असतो. बुंध्याला बोट लावलं तर साल ओल्या कागदासारखी सुटून बोटालाच आली. उपटून पाहिलं तर मुळांचा गोळा तुमच्या कुंडीच्या आकाराचा, होता तसाच. केसासारखी बारीक मुळं, पण एकही बाहेरच्या मातीत शिरलं नव्हतं.

आता कालच्या फोनविषयी. मला सर्वात जास्त लागलं ते हे बोलणं.

तुमच्या माणसाने आधी विचारलं, ‘पाणी कमी पडलं का?’ मी म्हटलं, दोन मे महिन्यात गेली, पाणी रोज घालत होते. ‘मग जास्त झालं असेल.’ तिसरं पावसात गेलं, पाऊस मी थांबवू शकत नाही. ‘गोवा म्हणजे समुद्र, खारी हवा लागली असेल.’ मी म्हार्दोळला राहते. समुद्र माझ्या घरून दिसतही नाही. हे तीनदा सांगितलं. ‘रोप एसीच्या खोलीत ठेवून बघायचं होतं.’ मी विचारलं, बागेत लावायचं झाड म्हणून विकलंत ना? त्यावर तो थांबला, आणि अगदी समजूत घालावी तसा म्हणाला, ‘मॅडम, राग मानू नका, पण झाडं जगवायला मुळात आवड लागते. सगळ्यांचा हात तसा नसतो.’

माझं वय 61 आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हे परसू मी सांभाळते. आमच्या गावात जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेला देवळात माझ्या वेलींची फुलं जातात. आबोली, शेवंती, सोनचाफा, सगळं माझ्या हाताने लावलेलं आहे. आणि ज्याने माती पाहिली नाही, रोप पाहिलं नाही, माझा जुना चॅटही उघडून वाचला नाही, तो मला आवड शिकवतो! फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते. माझा नवरा म्हणाला, सोड, दोन हजारांचा प्रश्न आहे. प्रश्न दोन हजारांचा नाही. मी विकत घेण्याआधी विचारलं होतं. विचारूनसुद्धा मला खोटं सांगितलं गेलं.

शेवटी तो म्हणाला, बदली रोप देतो, ‘तेच झाड आहे, फक्त मेक्सिकन हेदर’. ते कफिया आहे. हेदरशी त्याचं काही नातं नाही. ते मेंदी आणि डाळिंबाच्या कुळातलं. फोंड्याच्या नर्सरीत चाळीस-पन्नास रुपयांना मिळतं आणि माझ्या तुळशीच्या कडेने आधीच दाट वाढलंय. चांगलं झाड आहे, मला आवडतं. पण 780 रुपयांच्या रोपाच्या जागी ते पाठवून हिशेब मिटवता येणार नाही.

सात दिवसांची हमी संपली, हे वाक्य पुन्हा ऐकवू नका. हमी रोप पोचण्यापुरती असते. खोट्या वर्णनाला हमीची मुदत लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल स्वतंत्र तरतूद आहे. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असं 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. मला पहिल्या तक्रारीची पोच अजून मिळालेली नाही.

माझे 2,340 रुपये परत करा. तुमच्या पानावरून ‘कडक उन्हाळा सोसणारं’ हे शब्द काढा आणि हे थंड प्रदेशाचं झाड आहे, आपल्या किनारपट्टीच्या उष्ण, दमट हवेत टिकत नाही, असं ठळक लिहा. चुन्याचं ते कार्ड हेदरबरोबर पाठवणं आजपासून बंद करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. एवढ्या रकमेला तिथे फी पडत नाही, आणि मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते, हे मी विचारून घेतलं आहे.

वाळलेली तिन्ही रोपं, नावाच्या चिठ्ठ्यांसकट, तुमच्याच खोक्यात जपून ठेवली आहेत. तपासायला माणूस पाठवायचा असेल तर सकाळी दहाच्या आत पाठवा. तेव्हा मी परसातच असते.

आपली ग्राहक,
म्हार्दोळ, फोंडा, गोवा