मोहरीच्या वाटीत हुक

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की मधल्या खोलीत शिवणाचं बस्तान मांडायचं ठरवलंय आणि भिंतभर कप्प्यांचं कपाट करून घ्यायला सुताराला मापं द्यायची आहेत. मी तेव्हा काही बोलले नाही. बाळ रडत होता, आणि असलं बोलणं घाईत होत नाही. आज दुपारची जेवणं आटोपून निवांत लिहायला बसलेय. कपाट जरा थांबव, ताई. चार महिने घरातल्याच वस्तूंवर खोली चालवून बघ. कुठला कप्पा किती उंचीवर पाहिजे, काय उघडं पाहिजे आणि काय झाकलेलं, हे काम करता करताच कळतं. आधी कपाट केलंस तर जन्मभर त्या कपाटाच्या सोयीनं शिवत बसशील.

माझ्या मशीनशेजारी मिसळणाचा डबा असतो, तो तू लहानपणापासून बघतेस. तो तिथं का आला हे मात्र तुला कधी सांगितलं नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आजींनी मला हुक-बटणं ठेवायला पत्र्याची एक पेटी दिली होती. सगळं त्यात एकत्र. ब्लाउजला हुक लावायला बसलं की निम्मा वेळ चिवडण्यात जायचा, वर टाचण्या बोटात घुसायच्या. एकदा आमटीला फोडणी देताना लक्षात आलं, की मी मिसळणाच्या डब्याकडं बघतसुद्धा नाही. डोळे कढईकडं असतात आणि हात बरोबर मोहरीच्या वाटीत जातो. जिरं, हळद, हिंग, सगळ्याच्या जागा हाताला पाठ. त्याच आठवड्यात जुना डबा चिंचेनं घासून दोन दिवस उन्हात ठेवला, वास गेल्यावर मोहरीच्या वाटीत हुक घातले, जिऱ्याच्या वाटीत टिचबटणं, हळदीच्या वाटीत शर्टाची पांढरी बटणं. मधल्या वाटीत टाचण्या. पहिल्या दिवसापासून हात चुकला नाही. तू तुझ्या डब्यात मोहरी कुठं ठेवतेस मला ठाऊक नाही, पण जिथं ठेवतेस तिथंच हुक ठेव. माझी जागा उचलू नकोस. खोली लावताना हे एवढं धरून चाल: स्वयंपाकघरात तुझ्या हाताला जी सवय लागली आहे, तिचा शिवणाला उपयोग करून घ्यायचा.

दुसरं मला पुरानं शिकवलं. 2019 च्या ऑगस्टचं तुला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट झालं की इशारा आणि 43 ला धोका, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं. जयंती नाल्याचं पाणी मागं फुगलं आणि आपल्या खालच्या खोलीत मांडीपर्यंत आलं. ते प्लायवूडचं कपाट मी हौसेनं करून घेतलेलं होतं, तुला मापं द्यायची आहेत तसलंच. त्याचे खालचे दोन कप्पे फुगले आणि दारंच उघडेनात. आत गिऱ्हाइकांचे अकरा ब्लाउजपीस होते. पाणी उतरल्यावर अण्णांनी पहारीनं दार उचकटलं तेव्हा त्यातून गाळाचा जो वास आला तो अजून माझ्या नाकात आहे. एक पैठणीचा पीस होता, लग्नाचा. बायकांनी काही म्हटलं नाही, पण मला महिनाभर त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. सगळ्यांचे पैसे भरून दिले. आणि त्याच खोलीत लाडवाचा स्टीलचा डबा पाण्यावर तरंगत होता, त्यातली लेस कोरडी ठणठणीत.

तेव्हापासून आपल्याकडं कापड जमिनीपासून तीन फुटांच्या खाली नाही, आणि प्रत्येक कामाला एक झाकणाची, कडीची बादली. घर रंगवून घेतलं की रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या उरतात, त्याच. ब्लाउजची एक, फॉल-पिकोची एक, वाकळेची एक. ज्या कामाची बादली त्याच कामाचं सगळं तिच्यात: कापड, दोरा, टेप, खडू, छोटी कात्री. 2021 च्या जुलैत परत पाणी चढायला लागलं तेव्हा मी आणि अण्णांनी अर्ध्या तासात सगळी शिवणखोली माडीवर नेली. एक चिंधीसुद्धा भिजली नाही.

तू म्हणशील, पुण्यात पाचव्या मजल्यावर पूर कुठून येणार. तुझा पूर चौदा महिन्यांचा आहे आणि दुपारी तीनला उठतो. तो उठला की कात्री, सुया, टाचण्या एका हातानं उचलून वर ठेवता आल्या पाहिजेत. भिंतीच्या कपाटातून बाहेर काढलेलं सामान असं एका हातानं उचललं जात नाही. कडीची बादली उचलली जाते.

सुयांचं तर मनावर घेच. माझ्या हातून एकदा मशीनची सुई मोडली, टोक सापडलं नाही आणि संध्याकाळी ते अण्णांच्या टाचेत निघालं. आता मोडलेल्या सुईचे तुकडे जुळवून पुरे झाल्याशिवाय मी जागची उठत नाही. तुझी शाळेतली कंपासपेटी अजून आहे. तिच्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे घालून कप्पे केलेत: 11 नंबरच्या सुया पातळ रेशमी कापडाला, 14 सुती ब्लाउजला, 16 जाड कापडाला, 18 जीनला. पाकिटावर 14 च्या शेजारी 90 लिहिलेलं असतं, म्हणजे सुईची जाडी 0.9 मिलिमीटर. जुना रेडिओ भंगारात द्यायच्या आधी अण्णांनी त्याच्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून ठेवलं होतं. ते फडक्यात गुंडाळून काठीच्या टोकाला बांधलंय. उठायच्या आधी ते जमिनीवरून फिरवायचं, फरशीच्या फटीतली टाचणीसुद्धा टक्कन येऊन चिकटते. फडकं सोडलं की सगळ्या टाचण्या वाटीत. तुझ्याकडं जुना स्पीकर असेल तर जावईबापूंना काढायला सांग.

रिळांना अंड्यांचा ट्रे. तीस खळगे, तीस रिळं, उभी राहतात आणि वरून सगळे रंग एका नजरेत दिसतात. पुठ्ठ्याचा ट्रे पावसाळ्यात मऊ पडतो, म्हणून प्लास्टिकचा मिळाला तर बरा. वाकळेचा जाड दोरा मात्र मी आजोबांनी आणलेल्या लाकडी कांड्यांवरच गुंडाळते. 1906 साली शाहू महाराजांनी काढलेल्या शाहू मिलमध्ये आजोबांची हयात गेली. तिथल्या तडे गेलेल्या कांड्या त्यांनी घरी आणल्या होत्या, आम्ही त्यांनी खेळायचो असं आत्याबाई सांगतात. इतकी वर्षं तेल आणि सूत पिऊन त्या कांड्या अशा गुळगुळीत झाल्यात की दोऱ्याला कुस लागत नाही. त्यातल्या चार तुझ्यासाठी बाजूला काढल्यात.

ब्लाउजची कागदी कटिंगं लग्नपत्रिकांच्या पाकिटांत ठेव. आपल्याकडं लग्नसराईत पंचवीस-तीस पत्रिका येतात आणि पाकिटं रद्दीत जातात. वर नाव, छाती, उंची आणि तारीख पेन्सिलीनं लिही, कारण माणसाचं माप बदलतं. पत्रिकेचा जाड कागद लेस गुंडाळायला चांगला.

इस्त्रीसाठी वेगळं टेबल घेऊ नकोस. जेवणाच्या टेबलावर घोंगडं चौघडी करून टाक, वर जुनी सुती चादर. लोकर ऊब धरून ठेवते, त्यामुळं कापडाला दोन्ही बाजूंनी शेक लागतो आणि शिवण एका फेऱ्यात बसते. खडू संपला तर अंगाच्या साबणाची वाळलेली चिपाटी घे. गडद कापडावर तिची रेघ स्वच्छ दिसते आणि पहिल्या धुण्याला जाते.

मशीनमध्ये खोबरेल तेल कधीही घालू नकोस. मी नवी नवरी असताना घातलं होतं, घरात तेच होतं म्हणून. पौषातल्या सकाळी पायटा दाबला तर चाक हलेना. खोबरेल थंडीत गोठतं हे डोक्याला लावताना माहीत होतं, मशीनला घालताना सुचलं नाही. मशीनचंच तेल आण आणि बाळाच्या औषधाचा रिकामा ड्रॉपर धुऊन, वाळवून त्यानं दोन-दोन थेंब घाल. दातांखाली साठलेली धाग्याची कुट जुन्या टूथब्रशनं काढ, दर आठवड्याला.

आता वाकळेचं, कारण तू खरं तर त्यासाठीच खोली करते आहेस.

वाकळेला जागा लागते ती चिंध्यांना. आणि चिंध्या डोळ्यांसमोर नसल्या की वाकळ होत नाही, हे मी तुला खात्रीनं सांगते. ट्रंकेत कोंबलेल्या चिंध्या दहा वर्षं ट्रंकेतच राहतात. आधी सुती वेगळं कर. ओळखू आलं नाही तर एक धागा ओढून, वाटीवर धरून काडी लाव. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटात चुरते. टेरिलीनचा वितळून त्याची कडक गोळी होते. टेरिलीन वाकळेत घालू नकोस, घाम पीत नाही, आणि हातानं धावदोरा घालताना सुई अडते. नवं सुती असेल तर आधी धुऊन आटवून घे. काठाचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्यानं दाबून बघ. जुन्या लुगड्याला यातलं काहीच लागत नाही, त्यानं सगळं आधीच सोसलेलं असतं.

मग रंगाप्रमाणं गाठोडी बांध, कापडाच्याच किनारीनं. प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नकोस, आपल्या पावसात आत ओल धरते आणि बुरशी येते. पुठ्ठ्याच्या खोक्यांना कसर लागते. आणि किराणा दुकानातून गुळाचं खोकं तर अजिबात आणू नकोस, पुसलं तरी मुंग्या येतातच. गाठोड्यांत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाल.

वाकळ अंथरताना पदर सरकू नयेत म्हणून आजी चार कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता आणि दोन दगड ठेवायच्या. तुझ्याकडं वरवंटा नाही, मिठाचे किलोचे चार पुडे ठेव. ताणून बसव, मग मोठा कच्चा टाका घाल, आणि धावदोरा बाहेरच्या कडेपासून आत आत फिरवत ने. अर्धी झालेली वाकळ घडी घालून ठेवली की चुण्या पडतात. आपल्याकडं छताची दांडी आहे, काठीनं वर सारली की झालं. तुझ्या बाल्कनीत कपडे वाळत घालायचा तो दोरीचा स्टँड आहे ना, ओढला की वर जातो? तोच मधल्या खोलीत घे. बाळाच्या हाताला लागणार नाही, आणि जाता-येता तुझी नजर पडत राहील. चार टाके घालायला बसावंसं वाटतं ते नजर पडली की.

गाठोडी कशात ठेवायची ते शेवटी लिहिते, कारण ते मी ठरवून टाकलंय. तुझा पाळणा. तू चालायला लागलीस तेव्हापासून माझ्या चिंध्या त्यातच आहेत. चारी बाजूंनी गज असल्यानं वारा खेळतो, जमिनीपासून उंच आहे, आणि कुठल्या रंगाचं काय उरलंय ते बाहेरून दिसतं. तू बाळंतपणाला आलीस तेव्हा सगळी गाठोडी मी माडीवर नेली आणि पाळणा सोड्यानं धुऊन बाळाला दिला. त्याचं बारसं त्यातच झालं. तुम्ही पुण्याला गेलात त्याच रात्री गाठोडी परत आत ठेवली, रिकामा पाळणा बघवत नव्हता.

येत्या रविवारी अण्णांच्या मित्राचा मुलगा टेम्पो घेऊन पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाळणा पाठवते. गाठोड्यांसकट. वरची सगळी सोडून बघ, लाव तशी लाव. तळाशी निळं गाठोडं आहे, ते जपून सोड. त्यात तुझे बालवाडीचे फ्रॉक आहेत, कापड विरलंय. धुऊ नकोस, मी धुतलेत. आणि आजींच्या हिरव्या लुगड्याचा पदर त्यांच्याखाली आहे, तो वाकळेच्या वरच्या बाजूला घे, बाळाच्या अंगाला लागेल असा.

पोचल्यावर फोन कर. जावईबापूंना आशीर्वाद, बाळाला पापा.

तुझी
आई