ही नक्कल नव्हे

रविवारच्या पुरवणीतील आरंभीच्या केल्टिक कलेवरचा, म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकापासून आल्प्सच्या उत्तरेकडील केल्ट लोकांत बहरलेल्या कलेवरचा लेख वाचला. ही कला म्हणजे ‘ग्रीक आणि एट्रुस्कन (प्राचीन इटलीतील) नमुन्यांची ओबडधोबड नक्कल’, हे त्यातील विधान पटले नाही. (सोबतचे छायाचित्र आयरिश हस्तलिखिताचे, म्हणजे हजारएक वर्षे नंतरचे होते, ते सोडून देऊ.)

आल्प्सच्या उत्तरेला भूमध्य समुद्राकाठचा माल जात होता, यात वाद नाही. फ्रान्समधील विक्स येथे १९५३ मध्ये सापडलेले १.६४ मीटर उंचीचे कांस्यपात्र ग्रीक घडणीचेच आहे. पण पुढच्या पिढ्यांनी त्या नमुन्यांचे काय केले, हे फ्रान्समधल्याच लोरेन प्रांतातील बास-यूत्स येथे १९२७ मध्ये मिळालेल्या दोन सुरयांवर दिसते. आज त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. चोचीचा घाट एट्रुस्कन. अंगावर मात्र पोवळी आणि लाल काच जडवलेली. मुठीच्या जागी लांबट, कान टवकारलेला कुत्र्यासारखा प्राणी आणि तोटीवर इवलेसे बदक. पेय ओतू लागले की ते बदक धारेवर पोहते आहे असे भासावे! ही कल्पना नक्कल करणाऱ्याला सुचत नाही.

या कलेचे अभ्यासक पॉल याकोब्सथाल यांनी १९४४ मध्येच या कलेची स्थानिक, भूमध्यसागरी आणि पौर्वात्य अशी तीन मुळे मांडली होती. पौर्वात्य मुळाबद्दल अभ्यासकांत दुमत आहे. स्थानिक मुळाचा उल्लेखही लेखात नसावा, हे खटकले.

– एक वाचक, पुणे