एडिनबराला रंग फासू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या एडिनबराच्या चित्रफितींवर आपण पानभर मजकूर दिलात, त्याबद्दल आधी आभार. स्कॉटलंड म्हटलं की किल्ला, बॅगपाइप आणि व्हिस्की यांच्यापलीकडे आपली वर्तमानपत्रं सहसा जात नाहीत. बाजारहाट, ट्रामची गर्दी, शाळेतून सुटलेली पोरं असं रोजचं जगणं पानावर आलं, बरं वाटलं. पण पानाच्या मध्यावर छापलेला मोठा रंगीत फोटो बघून मात्र पेन हातात घ्यावं लागलं. प्रिन्सेस स्ट्रीट, त्यावर हिरवी ट्राम, मागे मधाच्या रंगाच्या इमारती, आणि खाली ओळ : ‘इ. स. १९०० मधील एडिनबरा’. यातलं साल चुकलंय, ट्रामचा रंग चुकलाय आणि दगडाचा रंग तर साफच चुकलाय. समाजमाध्यमांवर हल्ली ज्या रंगवलेल्या क्लिपा फिरतात, त्यांतलीच एक फ्रेम आपल्याकडे आलेली दिसते. तेव्हा माझं भांडण आपल्या उपसंपादकांशी कमी आणि त्या रंगाऱ्यांशी जास्त आहे.

माझी सगळी नोकरी फिल्मच्या संकलनात गेली. सोळा मिलिमीटरची वृत्तचित्रं कापायची, चिकटवायची, डब्यावर तारीख आणि ठिकाण लिहून रॅकवर चढवायची. मुलगी एडिनबरात असल्यामुळे ते शहरही पायाखालून गेलंय. त्यामुळे जुनं फुटेज समोर आलं की माणसांच्या आधी रस्ता बघायची खोड जडली आहे.

तर रस्ता बघू. आपण छापलेल्या फ्रेममध्ये ट्रामच्या डोक्यावर विजेची तार स्वच्छ दिसते. १९०० साली प्रिन्सेस स्ट्रीटवर तार नव्हतीच. तिथल्या ट्राम तेव्हा दोरानं ओढल्या जायच्या. दोन रुळांच्या मधोमध एक फट, फटीखाली सतत फिरत राहणारा पोलादी दोर, आणि ट्रामच्या पोटातली पकड त्या दोराला धरायची नि सोडायची. दोर अडकला की त्या मार्गावरच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या. ही फट जुन्या फुटेजमध्ये ओळखू येते, आणि वॉटर्लू प्लेसला त्या केबलमार्गाचा एक तुकडा आजही रस्त्यात जपून ठेवलाय. प्रिन्सेस स्ट्रीटवर विजेची ट्राम आली ती १९२२ मध्ये. म्हणजे आपला फोटो त्यानंतरचा. शिवाय वेव्हर्ली स्टेशनावरच्या मोठ्या हॉटेलचा घड्याळाचा मनोरा फ्रेममध्ये पुरा बांधून उभा आहे, आणि ते हॉटेल उघडलं १९०२ साली. (त्या घड्याळातली वेळ बघून काही ठरवू नये, एवढं जाता जाता सांगतो. खाली गाडी पकडायला धावणाऱ्यांच्या सोयीसाठी ते तीन मिनिटं पुढे ठेवायची तिथली रीत आहे.) अलीकडची हद्दही ठरलेली आहे : जुन्या ट्रामांची शेवटची फेरी १६ नोव्हेंबर १९५६ ला झाली. नवीन ट्राम आल्या त्या थेट २०१४ मध्ये.

ट्रामवरून सालच काय, राजकारणही वाचता येतं. शेजारच्या लीथ बंदराचं गाव तेव्हा स्वतंत्र नगरपालिकेचं होतं आणि त्यांनी १९०५ मध्येच विजेच्या ट्राम आणल्या होत्या. एडिनबराच्या ट्राम मात्र दोरावरच्या. त्यामुळे पिल्रिगच्या हद्दीवर दोन्हीकडच्या लोकांनी एका गाडीतून उतरायचं आणि दुसरीत चढायचं, पावसात, सामानसुमान, पोरंबाळं घेऊन. हा घोळ १९२२ पर्यंत चालला. मधल्या काळात, १९२० साली, लीथकरांनी मोठ्या बहुमतानं नको म्हटलेलं असतानाही लीथ एडिनबरात घालण्यात आलं. म्हातारे लीथकर अजून त्यावर बोलतात. आता पिल्रिगचं एखादं फुटेज कुणी रंगवून, ‘जुने सुंदर दिवस’ म्हणून व्हायोलिन लावून टाकलं, तर यातलं काय उरतं?

आता रंग. एडिनबरा कॉर्पोरेशनच्या ट्राम गडद मंजिष्ठी लाल आणि पांढऱ्या असत. त्या शहराच्या बस आजही त्याच रंगाच्या आहेत, म्हणजे शोधायला फार लांब जायला नको होतं. पण रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरला एडिनबरा माहीत नसतं. त्यानं लाखो फोटो पाहिलेले असतात, आणि त्यांवरून करड्याच्या अमुक छटेला कुठला रंग बहुधा असेल याचा ते अंदाज बांधतं. दगड म्हटला की ते पिवळसर वालुकाश्म धरून चालतं. गंमत म्हणजे दगड मुळात तसाच आहे, पण त्या काळात तो तसा दिसत नव्हता. घरोघरी कोळशाच्या शेगड्या, खाली खोऱ्यातून जाणाऱ्या वाफेच्या इंजिनांचा धूर, दारूच्या भट्ट्या. ‘ऑल्ड रीकी’, म्हातारी धुरकटलेली, हे नाव शहराला उगाच पडलेलं नाही. धुराला आळा घालणारा कायदा झाला १९५६ मध्ये, आणि इमारती धुऊन काढायचं काम तर त्याच्याही नंतरचं. १९३० किंवा १९५० च्या फुटेजमधलं एडिनबरा काळं आहे, काजळी बसून काळं. चित्रपट्टीवर ते जवळपास काळंच उमटलंय, आणि ती फिल्मची खराबी नव्हे.

खात्री करायची असेल तर कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं स्मारक बघावं. एकसष्ट मीटर उंच, भर प्रिन्सेस स्ट्रीटवर, आणि आजही काळंकुट्ट. ते बिनीच्या खाणीतल्या दगडाचं आहे. त्या दगडात तेलाचा अंश असतो, त्यामुळे काजळी त्याला धरून बसते. १९९० च्या दशकात डागडुजी करताना ते धुऊन काढायचा विचार झाला होता, पण धुण्यानं दगडच खराब होईल म्हणून तसंच ठेवलं. शहरानं स्वतः जो काळेपणा विचार करून राखला, तो एका बटणानं पुसून टाकायला आपण कोण?

वेगाचं प्रकरण त्याहून वाईट. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा-अठरा फ्रेमा. तेच रीळ पुढे चोवीसच्या वेगानं चालवलं की माणसं तुरुतुरु पळतात. हे दुरुस्त करणं योग्यच, संकलकाचं ते कामच आहे. पण आता सोळाच्या साठ करतात. मधल्या फ्रेमा यंत्र स्वतः तयार करतं. एकदा त्यातली एक फ्रेम थांबवून बघा : चालणाऱ्या बाईचा हात मागच्या माणसाच्या कोटात विरघळलेला असतो. ती फ्रेम कुणी टिपलेलीच नाही. आणि वर टापांचा आवाज, घंटा, गर्दीची कुजबुज, हे सगळं बाहेरून आणून चिकटवलेलं.

टापांवरून आठवलं. घोडा दिसला की फुटेज व्हिक्टोरिया राणीच्या काळात ढकलायचं, हाही या क्लिपवाल्यांचा आवडता उद्योग. एडिनबरातल्या सेंट कथबर्ट सहकारी संस्थेच्या दूधगाड्या १९८५ पर्यंत घोडे ओढत होते. पुढे जेम्स बाँड झालेला शॉन कॉनरी हा एडिनबरातल्या फाउंटनब्रिज भागातला पोरगा, तो याच संस्थेत दुधाच्या कामाला होता.

आपल्या लेखात एक प्रश्न विचारलाय, की या फितींमधली माणसं सारखी कॅमेऱ्याकडे का बघतात? लेखकानं उत्तर दिलंय, निरागसपणा. थोडं धंद्याचं उत्तर देतो. स्कॉटलंडमधले सिनेमागृहांचे मालक गावातच कॅमेरा फिरवायचे. गिरणी सुटतानाचे कामगार, मिरवणूक, जत्रा, चर्चमधून बाहेर पडणारे लोक टिपायचे आणि दोन-चार दिवसांत तेच पडद्यावर दाखवायचे. स्वतःला बघायला माणूस येतो, येताना घरच्यांना आणतो. म्हणून कॅमेरामन गर्दीवरून सावकाश कॅमेरा फिरवत न्यायचा, कारण टिपलेला प्रत्येक चेहरा म्हणजे विकलं जाण्याची शक्यता असलेलं तिकीट. हा गल्ल्याचा हिशेब नसता तर कामगारांच्या टोप्या, बायकांच्या शाली, अनवाणी पोरं यांच्यासाठी त्या काळात कुणी फिल्म खर्ची घातली असती असं मला वाटत नाही.

पुढे १९२३ मध्ये सोळा मिलिमीटर आणि १९३२ मध्ये आठ मिलिमीटरची फिल्म आली नि हौशी लोकांच्या हातात कॅमेरे गेले. हौशी म्हणजे डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, कॅमेरा परवडणारे. १९५१ साली तिथल्या नॉर्टन पार्क शाळेच्या शिक्षकांनी मुलांचे रस्त्यावरचे खेळ आणि त्या खेळांची गाणी टिपली, हे तर मोठंच काम झालं. मोटारी वाढल्या आणि रस्ते पोरांच्या हातून गेले, त्याच्या थोडं आधीचं ते चित्रण आहे.

पण जे दिसत नाही त्याचाही विचार करायला हवा. त्या काळच्या फिल्मला भरपूर उजेड लागायचा. घरातल्या अंधारात ती काही पकडत नसे, आणि दिवे लावायचे तर खर्च. जुन्या शहरातल्या सात-आठ मजली चाळवजा इमारती, एकेका खोलीतली बिऱ्हाडं, जिन्यावरचा सामायिक संडास, शेगडीवरचं कालवण यातलं रिळांवर फार थोडं आहे. खिडकीतून बाहेर काढलेल्या काठ्यांवर वाळणारे कपडे तेवढे दिसतात, कारण ते उन्हात होते. लेखात म्हटलंय तसा ‘संपूर्ण दिनक्रम’ या फितींत नाही. आहे तो उजेडातला दिनक्रम.

त्यातही लीथशेजारच्या न्यूहेवनच्या मासे विकणाऱ्या बायकांचं चित्रण कुठे मिळालं तर जरूर बघावं. आपल्या कोळणींसारखाच त्यांचा दारोदार फिरून मासळी विकण्याचा व्यवसाय. पाठीवर विणलेली मोठी टोपली, तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला, अंगात एकावर एक घातलेले पट्ट्यापट्ट्यांचे झगे. टोपलीच्या वजनानं मान किती पुढे झुकते आणि जिना चढताना हात कुठे टेकतो, हे स्थिरचित्रात कळत नाही, फिल्ममध्ये कळतं. झग्यांवरच्या पट्ट्यांचा रंग मात्र करड्या फिल्ममध्ये कळत नाही. सॉफ्टवेअर तो बेधडक ठरवून टाकतं, आणि उद्या कुणी वेशभूषेवर लिहिताना तोच पुरावा म्हणून देणार.

शहर आधी नीट बघा, मग त्याबद्दल बोला, हे सांगणारा नगररचनाकार पॅट्रिक गेडीस याच एडिनबरात राहून काम करायचा. किल्ल्याजवळच्या मनोऱ्यातला कॅमेरा ऑब्स्क्युरा त्यानं १८९२ मध्ये ताब्यात घेतला. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या मेजावर बाहेरचा रस्ता हलताना दिसतो, माणसं, धूर, वाहनं सकट. तो आजही बघता येतो. हाच गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आला आणि आपले गो. स. घुर्ये त्याच्या हाताखालून गेले. लेखात त्याचा उल्लेख यायला हवा होता, असं राहून राहून वाटलं.

मूळ फुटेज हवं असेल तर ते मिळवणं अवघड नाही. स्कॉटलंडचं फिल्म अर्काइव्ह १९७६ मध्ये सुरू झालं, २००७ पासून ते तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आहे आणि ग्लासगोच्या केल्व्हिन हॉलमध्ये बसतं. त्यांच्या संकेतस्थळावर अनेक फिती फुकट बघता येतात, आणि पुष्कळ फितींसोबत कुठल्या शॉटमध्ये काय आहे त्याची यादी असते. रंगवलेल्या क्लिपेला ही यादी नसते, संदर्भ क्रमांकही नसतो.

आपल्याकडे तर जे गेलं त्याची यादी मोठी. आपल्याकडचे सुरुवातीचे चित्रपटकार सावेदादा (ह. स. भाटवडेकर) यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये टिपलेली कुस्ती आज कुणाला बघता येत नाही. २००३ च्या आगीत पुण्यात नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची, किती रिळं जळाली, ते या शहरातल्या वाचकांना सांगायला नको. उरलंय त्यावर तरी हात चालवू नये.

पुढच्या महिन्यापासून जुन्या पुण्या-मुंबईच्या चलच्चित्रांवर मालिका देणार असल्याचं आपण त्याच पानावर जाहीर केलंय. त्यात फ्रेम छापाल ती मूळ करडी छापा, ओरखड्यांसकट. खाली फितीचं नाव, ती कुणी टिपली, कुठल्या संग्रहातली आहे ते द्या. साल माहीत नसेल तर ‘साल अज्ञात’ असं सरळ लिहा. वर्तमानपत्राच्या कागदावर चित्र धुरकट येईल. येऊ द्या, त्याबद्दल तक्रारीचं पत्र मी पाठवणार नाही.

आपला,
एक वाचक
सदाशिव पेठ, पुणे