आधी रेघ जुळवा, मग चाला

महोदय,
ऋतुबदलाच्या निमित्ताने शहरात ठरावीक वाटेने चालून, मोबाइलमधील जीपीएसच्या नोंदीतून नकाशावर पान, पतंग किंवा पक्षी रेखाटण्याचे उपक्रम होतात. चित्र बिघडते ते बहुधा घरीच, नकाशा आखताना. आकृती एका रेघेत निघायला हवी. विषम संख्येने रेघा मिळणारे चौक दोनपेक्षा जास्त असतील, तर काही गल्ल्या दोनदा तुडवाव्याच लागतात. हे जादा अंतर आधीच मोजावे.

मोकळ्या आभाळाखाली मोबाइल दाखवतो त्या जागेतली चूक साधारण ५ मीटर असते. उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे संदेश भिंतींवर आदळून येतात आणि सरळ रेघ दातेरी होते. म्हणून चोच, डोळा असे बारकावे ५० मीटरपेक्षा लहान ठेवू नयेत, शक्यतो मैदानाकडे घ्यावेत. निघण्यापूर्वी उघड्यावर एक-दोन मिनिटे थांबावे, म्हणजे मोबाइलला जागा नीट सापडते. बॅटरी-बचत बंदच हवी, नाहीतर स्क्रीन मिटल्यावर नोंद तुटते आणि पक्ष्याच्या पोटातून आडवी रेघ जाते. (जाणकार हीच खोड मुद्दाम वापरतात: नोंद थांबवायची, पुढे जाऊन सुरू करायची.) वाट चुकल्यास आल्या पावली परतावे, कोपरा कापू नये. आयोजकांनी नकाशाच्या चित्राबरोबर जीपीएक्स फाइलही (मोबाइलमध्ये उघडता येणारी वाटेची नोंद) द्यावी.

– एक वाचक