बोगद्यात गेलेली नदी

संपादक महोदय,

‘हिमालयातील जलविद्युत प्रकल्प पाणी अडवत नाहीत, ते पुढे नदीतच सोडतात’, हे रविवार पुरवणीच्या लेखातील समर्थन पटले नाही. पाणी परतते खरे. पण बंधाऱ्यापासून वीजघरापर्यंत ते बोगद्यातून जाते आणि मधले पात्र, अनेकदा कित्येक किलोमीटर, जेमतेम ओले राहते.

त्या पात्रात तपकिरी डिपर राहतो. बुलबुलाएवढा हा पक्षी खळाळत्या प्रवाहात बुडी मारतो, चक्क तळाच्या गोट्यांवरून चालतो आणि दगडांखालच्या पाणकिड्यांच्या अळ्या टिपतो. या अळ्यांना थंड, प्राणवायूने भरलेले वाहते पाणीच लागते. डिपरची जोडी प्रवाहाचा ठरावीक पट्टा राखून असते. तो आटला, तर शेजारच्या पट्ट्यावर बहुधा दुसरी जोडी आधीच असते. मग जायचे कुठे?

वरच्या गंगेसाठी केंद्राने २०१८ मध्ये पात्रात सोडायचा किमान प्रवाह ठरवला: जून ते सप्टेंबर मासिक सरासरीच्या ३० टक्के, नोव्हेंबर ते मार्च २० टक्के. म्हणजे पाणी मुळात कमी असते तेव्हाच नदीचा वाटाही सर्वांत कमी! डिपर तर हिवाळ्यातही डोंगरातले प्रवाह सोडत नाही.

जलूदहून उपसलेल्या नर्मदेवर जगणाऱ्या आम्हा इंदूरकरांना पाण्याची आणि विजेची गरज कोणी समजावू नये. प्रकल्प बंद करा, असे माझे म्हणणे नाही. हिवाळ्यातला वाटा वाढवावा आणि प्रत्येक बंधाऱ्याखालील प्रवाहाचे रोजचे आकडे जाहीर व्हावेत.

– एक वाचक, इंदूर