टांझानिया सफारीच्या किटमधल्या कपड्यांबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

जुलैमध्ये मी आणि आई तुमच्या ग्रुपबरोबर टांझानियाला जाऊन आलो, तारांगिरे, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो हा रूट. जेवण, लॉज, ड्रायव्हर-गाईड सगळं छान होतं, हत्ती तर डोळे भरून बघितले. तक्रार आहे ती निघायच्या आधी तुम्ही घरी पाठवलेल्या सफारी किटबद्दल आणि व्हॉट्सॲपवर टाकलेल्या कपड्यांच्या यादीबद्दल. फोनवर सांगितलं तर "फीडबॅक नोट केलाय मॅडम" एवढंच उत्तर मिळालं, म्हणून आता लेखी देतेय.

किटमध्ये गडद निळा टी-शर्ट आणि काळी टोपी, दोन्हीवर तुमचा लोगो, आणि वर सूचना की पहिल्या सफारीला सगळ्यांनी हेच घालायचं कारण ग्रुप फोटो आहे. पहिली सफारी तारांगिरेला. तिथे त्सेत्से नावाच्या रक्त पिणाऱ्या माश्या आहेत आणि त्या निळ्या-काळ्या रंगावर येतात हे तिकडे टूर नेणाऱ्यांना माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही. पार्कात झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे चौकोन टांगलेले दिसत होते, मी विचारलं हे काय, तर गाईड म्हणाला माश्या मारायला लावलेत, कापडाला औषध असतं, माशी रंग बघून येते, त्यावर बसते आणि मरते. एवढं बोलून तो आमच्या टी-शर्टकडे बघून गप्प बसला. त्या कापडाचा आणि आमच्या टी-शर्टचा निळा अगदी सारखा!

ही माशी डासासारखी गुपचूप चावत नाही, सुई खुपसल्यासारखं होतं, आणि पातळ होजिअरीच्या तर आरपार. गाडी चालू असली तरी मागे येते. आईच्या पाठीवर, दंडावर गांधी उठल्या, क्रीम चोपडलं होतं त्याचा काही उपयोग झाला नाही, शेवटी काचा आणि वरचं छप्पर बंद करून उकाड्यात बसलो. ही माशी चावून होणारा स्लीपिंग सिकनेस हा आजार ट्यूरिस्टना क्वचितच होतो हे मीही वाचलंय, पण म्हणून माणसांना मुद्दाम त्या रंगाचे कपडे घालून तिथे न्यायचं का? दुसऱ्या दिवशी आईने स्वतःचा मेंदी रंगाचा जाड खादीचा फुल बाह्यांचा कुर्ता घातला, तेव्हा कुठे त्रास बराच कमी झाला.

आता यादी. "आफ्रिकेत गरम असतं, हलके कॉटनचे कपडे, हाफ पँट चालेल" असं त्यात आहे. अहो, टांझानिया विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, जुलै म्हणजे तिकडचा थंडीचा सीझन, आणि न्गोरोंगोरो क्रेटरच्या, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या विवराच्या, कड्यावरचं आमचं लॉज साधारण २३०० मीटर उंचीवर! पहाटे अंधारात धुक्यातून उघड्या छताच्या गाडीने खाली उतरायचं, ग्रुपमध्ये निम्मे सीनियर सिटिझन, एकाकडेही धड स्वेटर नाही. लोकांनी लॉजच्या दुकानातून डॉलर मोजून मसाई लोकांच्या त्या चौकड्याच्या चादरी, शुका, घेतल्या आणि गुंडाळून बसले. आई दिवसभर खोकत होती, क्रेटरमध्ये गेंडा दिसला तेव्हाही ती उभी राहिली नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

शिवाय यादीत "आर्मी प्रिंट चालेल" आहे. ग्रुपमधल्या एका काकांना तुमच्या व्हिक्टोरिया फॉल्सच्या टूरलाही हीच यादी आली होती. झिम्बाब्वेत साध्या माणसाने लष्करी कॅमोफ्लाज घालणं बेकायदा आहे, कोणी पकडलं गेलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

माझी मागणी सरळ आहे. किटचे पैसे टूरच्या बिलात वेगळे लावलेत, ते परत करा. टी-शर्ट खाकी, मातकट किंवा ऑलिव्ह रंगाचा द्या, जरा जाड आणि फुल बाह्यांचा. यादी देश आणि महिना बघून बनवा, गरम जॅकेट, कानटोपी आणि धुळीसाठी स्कार्फ त्यात स्पष्ट लिहा, आणि ती एकदा तिथल्या गाईडकडून तपासून घ्या, त्यांना हे सगळं पाठ असतं.

ऑगस्टची बॅच निघायची आहे, त्यांची किट्स अजून गेली नसतील तर आधी ती थांबवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवंय, नाहीतर ग्राहक आयोगाकडे जाईन. बुकिंगची पावती आणि आईच्या पाठीचे फोटो सोबत जोडलेत.

कळावे,
जुलै बॅचमधली एक प्रवासी